कॉर्नेलचं सूप, निरवांगीची भाकरी

पेट निघाली, आता प्रपोजल लिहायचंय, म्हणून बरेच जण मला विषय पाठवतात. त्यात खाण्याच्या सवयींवर काम करायचं म्हणणारे दरवेळी दोन-तीन तरी असतात. विषय चांगला आहे. फिल्ड घराजवळ आहे, महागडी यंत्रं लागत नाहीत. पण गेल्या काही महिन्यांत आलेल्या प्रपोजलांमध्ये एक गोष्ट सारखी दिसली. 'ताट मोठं असलं की माणूस जास्त खातो', 'बायका सोबत असल्या की पुरुष जास्त जेवतात', 'कार्टूनचं स्टिकर लावलं की पोरं सफरचंद उचलतात' अशी वाक्यं पहिल्याच पानावर असतात आणि प्रत्येकापुढे संदर्भ एकाच माणसाचा: ब्रायन वान्सिंक, कॉर्नेल विद्यापीठ. त्या पेपरांचं पुढे काय झालं, याबद्दल एक ओळ नसते.

म्हणून आज ही एक लॅब नीट वाचू. ती कशी पडली याची गोष्ट तुम्हाला इंग्रजीत पन्नास ठिकाणी सापडेल. माझा आक्षेप ती गोष्ट ज्या पद्धतीनं सांगितली जाते त्यावर आहे. पण आधी गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर आक्षेप कळणार नाही.

वान्सिंक मूळचे मार्केटिंगचे प्राध्यापक. त्यांची 'फूड अँड ब्रँड लॅब' आधी इलिनॉय विद्यापीठात होती, २००५ पासून कॉर्नेलमध्ये. लॅबचा प्रश्न एका ओळीत सांगता येतो: भूक सोडून माणूस आणखी कशाकशामुळे खातो? प्रश्न झकास आहे, हे आधीच मान्य करते. आणि त्यांचे प्रयोग असे की ऐकणारा विसरत नाही. सगळ्यात गाजला तो २००५ चा सुपाचा. माणसं टेबलाशी सूप प्यायला बसवली. काहींच्या वाडग्याला टेबलाखालून नळी जोडलेली. ते पीत जातील तसं वाडग्यात खालून सूप हळूहळू भरत राहायचं आणि त्यांना ते कळायचं नाही. एकूण ५४ जण. नळीच्या वाडग्यातून पिणाऱ्यांनी ७३ टक्के जास्त सूप प्यायलं, आणि आपण जास्त प्यायलो असं त्यांना वाटलंही नाही. म्हणजे पोट भरलं की नाही हे माणूस पोटाला विचारत नाही, डोळ्याला विचारतो. २००७ मध्ये याला इग-नोबेल मिळालं. त्याच वर्षी वान्सिंक अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या आहारधोरण केंद्राचे प्रमुख झाले. त्यांचं 'माइंडलेस ईटिंग' हे पुस्तक खपलं, शाळांच्या कँटीनमध्ये त्यांच्या सूचना लागू झाल्या. घरी लहान ताटल्या वापरा, हा सल्ला आपल्याकडच्या आरोग्याच्या पुरवण्यांपर्यंत आला.

मग नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांनी स्वतःच ब्लॉगवर एक लेख लिहिला. तोही कौतुकाचा. कधीच 'नाही' न म्हणणाऱ्या एका विद्यार्थिनीबद्दल. ही विद्यार्थिनी परदेशातून, बिनपगारी, लॅबमध्ये आली होती. वान्सिंकनी तिला एका इटालियन बुफे रेस्टॉरंटमधला डेटा दिला. हवा तितका पिझ्झा खा, असा तो बुफे. काही गिऱ्हाइकांना ४ डॉलरमध्ये आणि काहींना ८ डॉलरमध्ये जेवण, असा मूळ प्रयोग होता. मूळ कल्पना फसली होती, निकाल काही आला नव्हता. डेटा गोळा करायला वेळ आणि पैसा गेलाय, यात काहीतरी असणारच, शोध, असं तिला सांगण्यात आलं. ती रोज नवनवी विश्लेषणं करत राहिली आणि त्यातून चार पेपर निघाले. हेच काम आधी लॅबमधल्या एका पगारी पोस्टडॉकला दिलं होतं, त्यानं ते घेतलं नाही; लेखात त्याची तुलना तिच्याशी केली होती.

थांबून हा परिच्छेद पुन्हा वाचा. कारण तुमच्यापैकी अनेकांच्या पीएचडीत हा प्रसंग कधी ना कधी येणार आहे. जुन्या प्रोजेक्टचा डेटा पडून आहे. गाईड सांगतात, यात बघ काही मिळतंय का. तुमच्याकडे विषय नाही, फेलोशिपचं घड्याळ चालू आहे आणि समोर ज्या माणसाची सही लागणार आहे तोच माणूस बसलाय. 'नाही' म्हणायची सोय कुणाला असते? त्या लेखात कौतुक झालं ते नेमकं जिला ती सोय नव्हती तिचं. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे, आणि तिच्यावर लिहिलं गेलंय सगळ्यांत कमी.

आता पडून असलेला डेटा बघण्यात गैर काय? खरं तर काहीच नाही. शोधक विश्लेषण करावंच. गैर तेव्हा होतं जेव्हा डेटा पाहून सुचलेला प्रश्न पेपरमध्ये 'आम्ही आधीपासून हेच तपासत होतो' अशा थाटात लिहिला जातो. हिशोब करून बघा. खरा परिणाम शून्य आहे असं धरा आणि एकमेकांवर न अवलंबणाऱ्या वीस चाचण्या करा, प्रत्येक ०.०५ च्या पातळीवर. निदान एक तरी चाचणी 'सिग्निफिकंट' येण्याची शक्यता ६४ टक्के. पुरुष वेगळे काढा, बायका वेगळ्या काढा, एकटे जेवणारे, दारू घेतलेले, खिडकीशी बसलेले असं करत गेलात तर वीस चाचण्या दुपारच्या चहाआधी होतात. वाचकाला मात्र त्यातली एकच दिसते.

लेखाखाली प्रश्न विचारले जाऊ लागले. टिम व्हॅन डर झी, जॉर्डन अनाया आणि निक ब्राऊन या तिघांनी ते चार पिझ्झा पेपर घेऊन आकडे तपासायला सुरुवात केली. जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी अहवाल टाकला: चार पेपरांत मिळून सुमारे दीडशे विसंगती. एकाच डेटामधून निघालेल्या पेपरांत माणसांची संख्या वेगवेगळी, सरासरी जुळत नाहीत, चाचण्यांचे आकडे पुन्हा काढले तर वेगळे येतात. आणि हे मूळ डेटा हाताशी नसताना, फक्त छापलेल्या तक्त्यांवरून.

हे कसं जमलं, ते सगळ्यांनी शिकावं असं आहे. सॉफ्टवेअर लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. पद्धतीचं नाव ग्रिम. निक ब्राऊन आणि जेम्स हेदर्स यांनी ती मांडली. समजा आमच्या निरवांगीतल्या २५ बायकांना विचारलं, काल रात्री किती भाकरी खाल्ल्या? उत्तरं पूर्ण संख्येत: एक, दोन, तीन. तर सगळ्यांची बेरीजही पूर्ण संख्याच येणार. तिला २५ नं भागलं की सरासरी ०.०४ च्या पटीतच येऊ शकते. ४६ भाकरी असतील तर १.८४, ४७ असतील तर १.८८. आता एखाद्या पेपरात 'एन २५, सरासरी १.८७' असं छापलं असेल तर असा कुठलाही डेटा जगात असूच शकत नाही. टायपिंगची चूक असेल, कुणाचं उत्तर गाळलं असेल, किंवा आणखी काही. पण काहीतरी बिनसलंय एवढं नक्की. ब्राऊन आणि हेदर्स यांनी मानसशास्त्रातले २६० पेपर चाळले. त्यांतले ७१ या पद्धतीनं तपासण्यासारखे होते आणि त्या ७१ पैकी साधारण निम्म्यांत निदान एक तरी अशक्य सरासरी सापडली. निम्म्यांत!

पण ग्रिमच्या बाबतीत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, आणि ती कळायला गाव लागतं. भाकरी पूर्ण संख्येत खाल्ली जाते हे कुणी सांगितलं? मी ही आहाराची प्रश्नावली निरवांगीत एका ओळखीच्या काकूंना सहज वाचून दाखवली. संध्याकाळच्या धारा उरकून, डेअरीला दूध घालून त्या टेकल्या होत्या.

"काकू, काल रात्री किती भाकरी खाल्ल्या तुम्ही?"

"आता त्ये काय मोजत बसतंय व्हय? ह्यांची अर्धी राह्यली व्हती ती, माझी एक, आन् बारक्यानं चतकोर टाकली व्हती, ती कुठं वाया घालवायची."

"आणि कालवण किती वाट्या?"

"वाटीत कुठं घेतलं गं? पातेल्यातच कुस्करली."

म्हणजे पावणेदोन. आता उत्तरं जर चतकोराच्या हिशोबात येत असतील तर २५ बायकांची सरासरी ०.०१ च्या पटीत येते, म्हणजे दोन दशांशांपर्यंतची कुठलीही सरासरी शक्य होते. १.८७ सुद्धा. ग्रिम इथे काहीच पकडू शकत नाही. पद्धत वाईट नाही. पण वस्तू मोजली कशी हे माहीत असल्याशिवाय ती लावता येत नाही. परीक्षकाच्या थाटात दुसऱ्याचे पेपर तपासायला निघण्याआधी त्याची प्रश्नावली मागवा.

काकूंच्या उत्तरात आणखी बरंच काही आहे. तिकडे परत येईन.

कॉर्नेलचं पुढचं थोडक्यात. २०१२ चा एक पेपर होता: सफरचंदावर एल्मो या पात्राचं स्टिकर लावलं तर मुलं ते जास्त घेतात. पेपरात मुलं ८ ते ११ वर्षांची म्हटलेली. २०१७ मध्ये तो मागे घेऊन दुरुस्त आवृत्ती छापली आणि मग तीही मागे घ्यावी लागली, कारण मुलं प्रत्यक्षात ३ ते ५ वर्षांची होती. बालवाडीतलं पोर आणि पाचवीतलं पोर यात गोंधळ! पी-व्हॅल्यूची चूक समजून घेता येते, ही कशी घ्यायची? ज्यांनी पेपर लिहिला त्यांच्यापैकी कुणी ती मुलं डोळ्यांनी पाहिली होती का, असा साधा प्रश्न पडतो. सप्टेंबर २०१८ मध्ये जामा समूहाच्या नियतकालिकांनी वान्सिंक यांचे सहा पेपर एकदम मागे घेतले. लगेच दुसऱ्या दिवशी कॉर्नेलनं चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला: डेटाची चुकीची मांडणी, सदोष संख्याशास्त्रीय पद्धती, नोंदी नीट न ठेवणं, लेखकांची नावं अयोग्य पद्धतीनं घालणं. वान्सिंक यांनी राजीनामा दिला, तो जून २०१९ अखेर लागू झाला. त्यांचं म्हणणं असं की चुका झाल्या, पण फसवणूक किंवा मुद्दाम केलेली मोडतोड नव्हती. आजवर त्यांचे डझनाहून जास्त पेपर मागे घेतले गेलेत. म्हणून प्रपोजलात संदर्भ घालण्याआधी नियतकालिकाच्या पानावर जाऊन तो पेपर अजून उभा आहे का, एवढं बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात आणि इथेच थांबतात. संख्याशास्त्र गलथान होतं, म्हणून विज्ञान खोटं निघालं. संख्याशास्त्र सुधारा, प्रश्न मिटला. माझा आक्षेप इथे सुरू होतो.

पहिली अडचण अशी की सुपाचा प्रयोग खोटा निघाला नाही. रिचर्ड लोपेझ आणि सहकाऱ्यांनी तो पुन्हा केला, तोही विश्लेषणाचा आराखडा आधी जाहीर नोंदवून आणि ५४ च्या जागी ४६४ माणसं घेऊन. नळीच्या वाडग्यातून पिणारे याही वेळी जास्त प्यायले, आणि आपण जास्त प्यायलो असं याही वेळी त्यांना वाटलं नाही. परिणामाचा आकार मात्र निम्मा: मूळ प्रयोगात कोहेनचा डी ०.८४ होता, इथे ०.४५. म्हणजे 'वान्सिंक म्हणजे सगळं रद्दी' असं लिहून मोकळं होता येत नाही. ज्या लॅबच्या वह्यांवर विश्वास ठेवता येत नाही तिचाही एखादा निष्कर्ष टिकू शकतो, आणि तो टिकला हे कळायला दुसऱ्याच कुणीतरी घाम गाळावा लागतो. बाकीच्या पेपरांसाठी तेवढा घाम कोण गाळणार?

दुसरी अडचण जास्त खोल आहे. समजा त्या लॅबचा प्रत्येक आकडा बरोबर असता. मग ते ज्ञान निरवांगीत चाललं असतं का?

त्यांच्या प्रयोगांतला माणूस नीट बघा. तो खुर्चीवर बसलाय. त्याच्यापुढे त्याचं एकट्याचं ताट किंवा वाडगा आहे. अन्न भरपूर आहे. किती घ्यायचं हे त्याचा हात ठरवतो, आणि तो हात डोळ्यांमुळे फसतो. ताटाचा आकार, चमच्याचा आकार, बुफेची मांडणी असे सगळे बदल त्या एका हाताला फसवण्यासाठी किंवा सावरण्यासाठी. सामाजिक मानसशास्त्र म्हणतात खरं, पण त्यात समाज जवळजवळ नाहीच. फार तर शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असतं.

आता आमच्याकडचं रात्रीचं जेवण बघा. तव्यावरची भाकरी उतरली की ती थेट जेवणाऱ्याच्या ताटात. एक संपत आली की दुसरी. कालवण संपायच्या आत डाव पुढे येतो. जेवणारा किती खाईल हे त्याचा हात ठरवत नाही, वाढणारीचा हात ठरवतो. आणि 'बास' म्हणण्यालाही एक रीत असते, पहिल्या 'बास'ला कुणी विचारत नाही. लग्नाच्या पंगतीत तर आग्रहाशिवाय वाढणं हा पाहुण्याचा अपमान. म्हणजे न संपणारं ताट आपल्याकडे रोजचंच आहे. फक्त त्याची नळी टेबलाखाली लपवलेली नसते, ती चुलीपुढे बसलेली असते. आणि ती स्वतः काय खाते, हा प्रश्न कॉर्नेलच्या टेबलावर येऊच शकत नव्हता, कारण तिथे नळीला भूक नव्हती.

'लहान ताटली वापरा' हा सल्ला त्या काकूंना देऊन बघा. त्यांच्या जेवणाला ताटली नाहीच. ह्यांची अर्धी, बारक्याची चतकोर, आणि पातेल्याला लागलेलं. त्यांचा आहार दुसऱ्या तीन माणसांच्या भुकेतून उरलेला आहे. तो मोजायचा तर आधी ती तीन माणसं मोजावी लागतात. ऊस तोडायला आलेल्या टोळीतल्या बाईचं काय, तिची चूल तर पहाटे आणि रात्रीच पेटते, हा आणखी वेगळा विषय. त्यावर कुणी प्रपोजल लिहिलं तर मी आवडीनं वाचेन.

गंमत म्हणजे सामाजिक मानसशास्त्रात हा प्रश्न फार आधी विचारला गेला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. चांगले तुकडे सैन्याला जात होते आणि घरोघरी लोकांनी हृदय, गुरदा वगैरे खावं असं सरकारला वाटत होतं. (वजडी-मुंडीवर ताव मारणाऱ्या इंदापूर-बारामतीकरांना हा प्रश्न का पडावा हेच कळणार नाही, पण तिथल्या मध्यमवर्गीय बायकांना त्याची किळस होती.) आयोवा विद्यापीठातल्या कर्ट लेविन यांनी आधी शोधलं ते हे, की अन्न ताटापर्यंत कुठकुठल्या वाटांनी येतं आणि प्रत्येक वाटेवर दार कुणाच्या हातात आहे. तो 'गेटकीपर' हा शब्द इथूनच रुळला. दार गृहिणीच्या हातात आहे असं दिसल्यावर त्यांनी खाणाऱ्यांवर नव्हे, गृहिणींवर प्रयोग केला. काही गटांना व्याख्यान, काहींमध्ये चर्चा आणि शेवटी हात वर करून निर्णय. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी घरी असा एखादा पदार्थ केला होता. चर्चेच्या गटांत ३२ टक्के.

या प्रयोगातही भोकं आहेत. चर्चा, निर्णय, सगळ्यांपुढे दिलेला शब्द असं बरंच काही एकदम बदललं होतं; नेमकं कशानं काम केलं हे वेगळं काढता येत नव्हतं. १९५५ मध्ये एडिथ बेनेट यांनी ते धागे सुटे केले. तेव्हा चर्चेपेक्षा निर्णय घेणं आणि 'बाकीच्यांचंही हेच मत आहे' असं वाटणं, या दोन गोष्टी महत्त्वाच्या निघाल्या. पण लेविनचा प्रश्न योग्य जागी उभा होता. प्रयोगातली भोकं नंतरच्यांना बुजवता आली. चुकीच्या जागी विचारलेला प्रश्न मात्र कितीही मोठ्या सँपलनं सुधारत नाही.

आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रातही, हा प्रश्न योग्य जागी विचारलेला एक पेपर आहे. तो वाचाच असं मी म्हणेन. पायल हाथी, डायान कॉफी, अमित थोरात आणि नझर खालिद यांचा, २०२१ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात आलेला. २०११ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात दिसलं होतं की देशातल्या सुमारे एक चतुर्थांश घरांत बायकांनी पुरुषांचं आटोपल्यावरच जेवायचं असतं. या चौघांनी पुढचा प्रश्न विचारला: शेवटी जेवण्याचा आणि बाईच्या मानसिक आरोग्याचा काही संबंध आहे का? त्यासाठी २०१८ मध्ये बिहार, झारखंड आणि महाराष्ट्र या तीन राज्यांत १८ ते ६५ वयाच्या बायकांचं मोबाइलवरून सर्वेक्षण झालं. सँपल त्या त्या राज्याचं प्रतिनिधित्व करेल असं. मानसिक आरोग्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीतले प्रश्न. निष्कर्ष असा की शेवटी जेवणाऱ्या बायकांचं मानसिक आरोग्य वाईट दिसतं, आणि घरची आर्थिक-सामाजिक स्थिती हिशोबात धरली तरी हा संबंध उरतो.

मला या पेपरात आवडलं ते त्यांचं थांबणं. शेवटी जेवल्यामुळे मन खचतं असं ते कुठे म्हणत नाहीत. संबंध आहे म्हणतात, आणि दोन वाटा सुचवतात: कदाचित शरीर खंगतं म्हणून, कदाचित घरात शब्दाला किंमत नाही म्हणून, कदाचित दोन्ही. पिझ्झाच्या डेटातून चार पेपर काढणाऱ्या लॅबनंतर हे वाचलं की बरं वाटतं.

तरी माझ्या शंका आहेत. एक, 'शेवटी जेवतेस का' आणि 'मन उदास असतं का' ही दोन्ही उत्तरं एकाच बाईकडून, एकाच फोनवर येतात. मन खचलेल्या बाईला घरही जास्त काचणारं दिसत असेल. दोन, फोनवर बोलताना शेजारी सासू बसलेली आहे की नाही हे आकड्यात येत नाही. पण सगळ्यात मोठी शंका 'शेवटी' या शब्दाबद्दल. त्या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी बसल्यात. भाकरी गरम वाढायची म्हणून तव्यापुढे बसलेली बाई शेवटी जेवते, हा झाला स्वयंपाकाचा क्रम. आणि पुरुषांच्या आधी बाईनं तोंडात घास घालायचा नाही, हा झाला नियम. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मन खचत असेल तर ते दुसऱ्यानं खचेल, पहिल्यानं फार तर भूक लागेल. हे वेगळं कसं काढायचं? एक उपाय सुचतो. ज्या दिवशी भाकरी सकाळीच करून टोपल्यात ठेवलेल्या असतात, किंवा चूल दुसरीच्या हातात असते, त्या दिवशी ती बाई कधी जेवते? तव्यापुढे नसतानाही ती थांबत असेल तर तो नियम आहे. जाऊबाईच्या हातचं सगळ्यांबरोबर बसून जेवत असेल तर तो क्रम. हा प्रश्न फोनवरच्या सर्वेक्षणात मावणारा नाही. गावात राहून विचारावा लागेल, आणि तिथे तुमच्यापैकी जे निमसाखर, निरवांगी, कळस किंवा कुठल्याही अशा गावातून आलेत त्यांचं पारडं ऑस्टिन-कॉर्नेलपेक्षा जड आहे.

प्रमाण मोजायचं की नाही, हाही प्रश्न तुम्हाला पडेल. त्यासाठी आपल्या जिल्ह्यातलंच काम आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या आहारावरच्या, शोभा राव यांच्या २००१ च्या पेपरात ७९७ बायका आहेत. एकूण ऊर्जा आणि प्रथिनं यांचा बाळाच्या जन्मवेळच्या आकाराशी संबंध दिसला नाही. अठराव्या आठवड्यात दूध आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात पालेभाज्या-फळं किती वेळा खाण्यात येतात, याचा मात्र ठळक दिसला. यातून प्रमाण मोजणं व्यर्थ असं निघत नाही. पालेभाजीतच काहीतरी असेल. पण 'आठवड्यातून किती वेळा' याचं उत्तर बाई देऊ शकते, 'किती ग्रॅम' याचं देताना अंदाजावर अंदाज चढतात, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तर ज्यांनी प्रपोजल पाठवलीत त्यांच्यासाठी. ताटाच्या आकाराचा प्रयोग करायचा असेल तर जरूर करा, हॉस्टेलच्या मेसमध्ये करा. तिथे पोरं स्वतः वाढून घेतात, तिथे तो प्रश्न जागेवर आहे. गावात करायचा असेल तर प्रश्नावलीचं एकक 'व्यक्ती' ठेवू नका, 'एक वेळचं जेवण' ठेवा. कुणी रांधलं, कुणी वाढलं, कोण कुठल्या क्रमानं बसलं, आणि शेवटचं माणूस बसलं तेव्हा टोपल्यात किती भाकरी होत्या. भाकरी चतकोरात नोंदवा. कोणती तुलना तुमचा मुख्य प्रश्न आहे ते डेटा हातात येण्याआधी तारीख घालून लिहा आणि गाईडना मेल करून ठेवा. पुढे कधी 'यात अजून बघ काहीतरी' असं आलंच, तर बघा, पण त्या प्रकरणाला 'नंतर सुचलेलं' असं नाव द्या. कच्चे कागद फेकू नका. वान्सिंक यांच्या लॅबवर ठपका आला त्यात नोंदी जपून न ठेवणं हेही होतं.

आणि मुलाखतीची वेळ. सकाळी सात ते नऊ धारा, न्याहारी, डबे. तेव्हा जाऊ नका. दुपारी दोननंतर जा, बाई एकटी सापडते. संध्याकाळी गेलात तर उत्तर द्यायला घरातले चार जण पुढे येतील आणि काकू काय खातात ते तुम्हाला काका सांगतील.